दोन पायऱ्या कमी

पायरी सहा इंचाची असावी. सात झाली की म्हाताऱ्याचा गुडघा बोलतो, पाच झाली की जवान माणूस अडखळतो. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली. हे लोकांच्या घरांनी शिकवलं. चाळीस-बेचाळीस वर्षं मी अमरावतीत गवंडीकाम केलं, आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग मिस्त्री म्हणून. किती दारांपुढं पायऱ्या बांधल्या ते काही मोजलं नाही. एवढं मात्र छाती ठोकून सांगतो, मी बांधलेल्या पायरीवरून कोणी पडल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या घराला दोन पायऱ्या होत्या. काळ्या दगडाच्या, कडा गोल घासलेल्या. त्या दोन पायऱ्या माझी मोठी बहीण बारा वर्षं चढली नाही.

बहिणीला मी बाई म्हणतो. आमच्यात मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई शेतात निंदणाला जायची आणि मी बाईच्या कडेवर असायचो. माझ्यापायी तिची शाळा झाली नाही, असं ती कधी म्हणाली नाही. पण ते खरं आहे. तिचं सासर दर्यापूरकडच्या एका गावात. नवरा गेला, आता मुलाजवळ असते.

घर बांधून झालं ते श्रावणात. आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, तेव्हा नवा होता, गल्लीला डांबर नव्हतं. नुसती काळी माती. पाऊस झाला की ती मातीच माणसाला धरून बसते, चार पावलांत माणूस वीतभर उंच होतो. त्या दिवशी घरात वंदना होती. भंतेजी येऊन बसले होते. ज्यांच्याकडं मी उमर घातली ते ठेकेदार, एक ओव्हरसिअर साहेब, असे दोन-चार मोठे लोक सपरीत खुर्च्यांवर बसले होते. सपरी म्हणजे घराच्या तोंडाशी, छपराखालची बसायची जागा. येणारा माणूस आधी सपरीत येतो, मग घरात. त्या सपरीला मी पांढरी फरशी लावली होती आणि तीन दिवस पॉलिशचं मशीन फिरवलं होतं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, यात तर तोंड दिसते." तेवढ्या एका बोलण्यानं मी फुगून बसलो होतो.

तेवढ्यात बाई आली. डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला, आणि पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. चिखल माझ्याच गल्लीचा होता. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मी आतून ओरडलो, "तठीच थांब!"

पाणी आणतो, पाय धुऊन घे, असं पुढं म्हणायचं होतं. ते म्हणायचं राहून गेलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा बाप दगडाचं काम करायचा. गावातल्या एका मोठ्या घराचा ओटा त्यानं बांधला. काम झाल्यावर तो मजुरी मागायला गेला तेव्हा घरधन्यानं आतूनच सांगितलं, "तठीच थांब." ज्या ओट्याचा दगडन् दगड बापानं घडवला, त्याच्या खाली बाप उभा राहिला. बाई तेव्हा दहा वर्षांची, त्याच्या बाजूला उभी होती. मी वर्षभराचा, तिच्या कडेवर. म्हणजे मीही तिथं होतो म्हणा. पण मला काय आठवणार? मी ते ऐकलं, तिच्याच तोंडून, लहानपणी कितीक वेळा. तिनं पाहिलेलं होतं.

बाईनं पायरीवरचा पाय खाली घेतला. ओरडली नाही. हळूच म्हणाली, म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं.

"बापाले लोकायनं म्हनलं, मले माह्या भावानं म्हनलं. आता तुह्या घराची पायरी चढली तं मी बापाची लेक नाही."

पिशवी तिथंच ठेवली आणि आल्या चिखलातून परत गेली. मी मागं धावलो नाही. साहेब बसले होते ना.

बोलणं बंद नव्हतं आमचं. लग्नात, मौतीत भेटायची. मला वाढायची, वरून म्हणायची, "भाकर घे अजून, वाळला किती." मी तिच्या घरी जाऊन राहायचो. तिनं फक्त माझी पायरी सोडली होती. आणि मीही कधी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. मिस्त्री लोकांची खोडच असते. भिंत वाकडी आली तर तो ती पाडून परत उभी करील, पण वाकडी आली असं तोंडानं म्हणणार नाही. वीट खराब होती म्हणेल, मजुरानं दोरी ढिली धरली म्हणेल. चुकलं हा शब्द माझ्या तोंडात कधी बसलाच नाही.

अशी बारा वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात बाईचा मुलगा, माझा भाचा, घरी आला. सपरीत बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मामा, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अमरावतीलेच आप्रेशन ठरलं. एक डोळा आधी, आठ दिवसांनी दुसरा. मी दवाखान्याजवळ लॉज पाह्यलं."

"लॉज?" मी म्हणालो. "मामाचं घर असून लॉज?"

"मी काय करू? आई म्हनते आंधळी झाली तरी चालन, पन पायरी चढत नाही."

"मंग पडू दे तिले लॉजात."

भाचा उठला. चप्पल पायात सरकवत म्हणाला, "मामा, एक फोन लावा. चुकलं म्हना. दोन शब्दायचं काम आहे."

"तू मले शिकवू नोको," मी म्हणालो, आणि तो गेला.

तो गेल्यावर मला बसवेना. बाई एक्क्याऐंशीची. आज डोळे, उद्या काय? लॉजच्या खोलीत, परक्या पलंगावर, डोळ्याला पट्टी लावून ती बसलेली दिसू लागली. माझ्या घरापासून दीड-दोन किलोमीटरवर. आता नाही आली तर ती कधीच येणार नाही, हे मला कळत होतं. पण फोन हातात घेतला की जीभ जड व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांपाशी उभा राहून दात घासत होतो. तिनं काय म्हटलं होतं, ते एकेक शब्द आठवून पाहिलं. घरात येणार नाही असं ती म्हणाली नव्हती. पायरी चढणार नाही असं म्हणाली होती. मग पायरीच नसली तर?

चूळ भरली आणि सुनेला हाक मारली. "तो फोटो दाखव."

सून शाळेत शिकवते. मुलगा नोकरीला अकोल्यात, शनिवारी येतो, त्यामुळं घरचं सगळं तीच पाहते. दोन वर्षांपासून ती सपरीच्या मागं लागली होती. दारात चपलांचा ढीग, खुर्चीवर हेल्मेट, खिडकीत किल्ल्या, छत्री कुठं ते पावसाळा आला की शोधायचं. मोबाईलवर तिनं एक चित्र ठेवलं होतं. दाराशी बाक, बाकाखाली चपलांचे खण, वर खुंट्या, आरसा, दिवा. मी तिला दोन वर्षं एकच उत्तर देत होतो, "सपरी म्हंजे काय कपड्याचं दुकान आहे?"

"कोणता फोटो, बाबा?" ती म्हणाली.

"तोच. बाकाचा. अन् आईचे गुडघे दुखतात, तं पायऱ्या काढून उतार करू म्हनतो."

बायको आतून भाजी चिरत ऐकत होती. "माह्ये गुडघे चार वर्षांपासून दुखून राह्यले. आजच कसे दिसले तुमाले?"

मी ऐकलं नाही असं केलं.

पायऱ्या मीच फोडल्या. आपलंच काम फोडायला वेळ लागतो, कारण आपण पक्कं केलेलं असतं. फूटभर उंचीला सोपा उतार द्यायचा तर बारा फूट लांबी पाहिजे, आणि माझ्या फाटकापासून सपरीपर्यंत आठच फूट. म्हणून उतार कंपाउंडच्या भिंतीला लावून नेला आणि मध्ये वळण दिलं. वळणाची जागा सपाट ठेवली, दम खायला. पायाखाली गुळगुळीत नाही केलं, ओल्या सिमेंटवर झाडू ओढून रेघा पाडल्या. भिंतीकडून स्टीलचा पाईप लावला, हाताला येईल असा.

बायको म्हणाली, "पायरी पाण्यासाठी असते. आता पाऊस घरात येईन."

"माह्या डोळ्यातच लेव्हल आहे," मी म्हणालो.

काम वाळल्यावर सुनेनं उताराच्या वरच्या टोकाशी, दारापुढं, बादलीभर पाणी ओतलं. पाणी थोडा वेळ विचार करत थांबलं आणि मग सरळ सपरीत आलं. बायकोनं साडी वर धरली, एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"काहो, मिस्त्री कोन होता?"

दारापुढची ती जागा मी परत फोडली. या वेळी पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली, बाहेरच्या अंगाला उतार दिला आणि दारापुढं आडवी नाली काढून वर लोखंडी जाळी बसवली. पाणी जाळीत पडून फाटकाबाहेर जाऊ लागलं. सिमेंट खराब होतं, असं मी सुनेला सांगितलं. ती शहाणी आहे, हो म्हणाली.

मग पांढरी फरशी. ती काढायची असं मी कोणाला बोललो नव्हतो. एका दुपारी छिन्नी घेऊन बसलो. बारा वर्षांत ती पिवळी पडली होती, तोंडही दिसत नव्हतं तिच्यात. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"हे बारा वर्षांआधी फोडायचं होतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

फरशीच्या जागी खरबरीत, राखाडी दगड लावला. त्याच्यावर चिखलाचा पाय पडला तरी दिसत नाही आणि ओला पाय सटकत नाही. उताराच्या खाली, फाटकाच्या आत, पाय धुवायला नळ काढला आणि बाजूला बसायला दगड ठेवला. हे काम करताना माझ्या मनात एक गोष्ट येत राहिली. मी एवढी घरं बांधली, पण दार नेहमी आतून बाहेर पाहून बांधलं. घरधन्याची खुर्ची कुठं राहील, गाडी कुठं, रस्त्यावरून घर कसं दिसेल. बाहेरून आत येणाऱ्याच्या बाजूनं मी पाहिलंच नव्हतं. येणाऱ्याला पाय कुठं ठेवू, आधार कशाचा घेऊ, हातातली पिशवी कुठं ठेवू, हे विचारावं लागलं की तो तिथंच परका झाला. माझा बाप आयुष्यभर हेच विचारत उभा राहिला होता, आणि मी त्याचा पोरगा, मिस्त्री झालो तरी मला हे दिसलं नव्हतं.

बाकाची मोठी गंमत झाली. सुतार मी नाही, पण विटांचा ओटा बांधून वर लाकडी फळी टाकायची, खाली चपलांचे खण, एवढं मला येतं. दीड फूट उंच धरला. बायको बसून म्हणाली, "मले बरोबर आहे. पन बाईंचे पाय लोंबतील. त्या माह्याहून वीतभर बुटक्या आहेत, तुमाले माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी तिला कायम खालून वर पाहिलेलं. लहानपणी जिच्या कडेवरून जग पाहिलं ती बाई मला अजूनही उंच वाटत होती.

मी अर्धा बाक तसाच ठेवला आणि अर्धा तीन-चार इंच खाली घेतला. संध्याकाळी सून शाळेतून आली आणि दारातच हसत सुटली. "बाबा, बाहेरची पायरी तोडली अन् आतमध्ये बांधली!"

खरंच पायरीच दिसत होती. तोही फोडला. सगळा बाक खाली घेतला आणि बायकोसाठी वर जाड गादी शिवून घेतली. सुनेच्या खुंट्या लागल्या, आरसा लागला, किल्ल्यांना हूक झाले, हेल्मेटला फळी झाली. दिव्याला तिनं असं काहीतरी बसवलं की माणूस आला की आपोआप लागतो. त्याच्यावर मी काही बोललो नाही. चांगलं होतं.

मग भाच्याला फोन लावला. "तुह्या आईले सांग, मामाच्या घराले पायरी नाही. शपथ मोडत नाही."

भाचा खूप वेळ हसला. "मामा, तुमी दोघं भाऊ-बहीण वकील व्हाले पाह्यजे होते. सांगतो. पन लॉजवाल्याले नाही म्हनत नाही अजून."

आपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, ऑटो फाटकापाशी थांबला. मी पांढरा सदरा घालून उभा होतो. भाचा उतरला. बाई उतरली नाही. ऑटोत बसल्या जागेवरून डोळे बारीक करून पाहू लागली.

"पायरी कोठी गेली बे?"

"तोडली."

"काहून?"

"हिचे गुडघे दुखून राह्यले."

"गुडघे हिचे दुखते, अन् फोन माह्या पोराले येते?" बाई म्हणाली. "लबाड पोट्टा. सत्तरीचा झाला तरी लबाडच."

"उतर नं आता. पायरी नाही, काही नाही. गाडगाड येता येते."

"मी काय हातगाडी आहे, गाडगाड याले?" तिचा आवाज बदलला. "माह्यं भांडन सिमेटासंगं होतं काय? पायरीनं मले थांब म्हनलं होतं? फोड तू, पूर्ण घर फोड. ज्यानं म्हनलं त्याचं तोंड तं तसंच बंद आहे."

बायको उताराच्या वरच्या टोकाशी उभी, सून तिच्या मागं. तीन आठवड्यांचं माझं काम समोर पडलं होतं, पाईप चमकत होता, आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. ऑटोवाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, लवकर सांगा. मावशी अठी उतरून राह्यल्या का लॉजवर सोडू?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. बाईसुद्धा. तिला मी नीट दिसत नसणार, नुसता पांढरा सदरा दिसत असेल.

"बाई," मी म्हणालो. "त्या दिवशी थे मी म्हनाले नोको होतं. बापाचं मले माहीत होतं. माहीत असून म्हनलं. चुकलं माह्यं."

"काय म्हनला?"

"चुकलं."

"डोळे तं गेले, आता कानही गेले वाटते. जोरानं बोल."

"चुकलं म्हनलं नं!"

"मंग ओरडतो काहून? चुकलेला मानूस ओरडते काय?"

ऑटोवाला तोंड फिरवून हसला. बाईनं एक पाय खाली टाकला. भाच्यानं हात दिला, तो तिनं झटकला आणि पाईप धरला. एकेक पाऊल टाकत वर निघाली. वळणावर थांबून दम घेतला.

"हे वळन कायले ठेवलं?"

"जागा नव्हती."

"हं," ती म्हणाली, आणि पुढं गेली.

दारात ती थांबली नाही. मी समजलो होतो थांबेल, काहीतरी बोलेल. ती सरळ आत गेली, बाक हातानं चाचपून पाहिला आणि बसली. तिचे दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले. सुनेनं हातातली पिशवी घेतली, बायको पाणी घेऊन आली, आणि बायकांचं बोलणं सुरू झालं. दर्यापूरची जीप कशी कोंबून भरते, डॉक्टर काय म्हणाला, उद्या उपाशी जायचं का चहा चालतो. भाचा बाजूला होऊन लॉजवाल्याला फोन लावत होता.

मी बाहेरच राहिलो. मला आत जाता येईना. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, झाडू घेतला आणि उतार झाडू लागलो. झाडण्यासारखं तिथं काही नव्हतं. मिस्त्री माणसाचं बरं असतं, हाताला काम दिलं की कोणी तोंडाकडं पाहत नाही. बारा वर्षं मी तो शब्द एवढा जड समजत होतो, आणि तो उचलायला ऑटोवाल्याची घाई लागली, याचा मला राग येत होता. माझाच. मधल्या किती दिवाळ्या, किती आंबे, किती दुपारी ती या बाकावर बसू शकली असती. तेव्हा बाक नव्हता, पण खुर्ची तर होती.

आतून बाईचा आवाज आला.

"अबे, तू बाहेर काहून उभा आहे?"

"कचरा आला उतारावर. झाडून राह्यलो."

"कचरा पळून जाते काय? आत ये. मले दिसत नाही कोन कोठी बसला तं. तू माह्या बाजूले बस."

झाडू भिंतीला टेकवला, चपला काढल्या, आणि मी आत गेलो.